मागचा पॅड का झिजला?

दुकानाच्या काउंटरवर 'मागचे ब्रेक पॅड द्या' म्हणण्याआधी गाडीच्या मागच्या चाकापाशी वाका आणि टॉर्च मारून आत बघा. चकचकीत गोल तबकडी दिसली तर ती डिस्क. तिला पॅड असतात. चारही बाजूंनी बंद असा लोखंडी डबा दिसला तर तो ड्रम. त्यात पॅड नसतात, शू असतात. आपल्याकडचे मिस्त्री त्यांनाच 'लायनर' म्हणतात. एवढी साधी गोष्ट सांगावी लागते, कारण भालकी-बसवकल्याणपासून आळंद-अफजलपूरपर्यंत रोज दिसणाऱ्या कितीतरी गाड्यांना मागे ड्रमच आहेत. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, अर्टिगा, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा या सगळ्या ड्रमवाल्या. एक्सयूव्ही 700, ग्रँड विटारा, हेक्टर यांना चारही चाकांना डिस्क. काही गाड्यांत वरच्या व्हेरियंटला मागे डिस्क आणि खालच्याला ड्रम असतो, त्यामुळे शेजाऱ्याची गाडी तीच असली तरी त्याचा पार्ट आपल्या गाडीला बसेलच असं नाही. पुढचं सगळं डिस्कवाल्यांसाठी आहे.

'मागचे पॅड कधी संपतच नाहीत' हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं एका काळी बरोबर होतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकं करतात. पण एप्रिल 2019 पासून नव्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला एबीएस सक्तीचं झालं आणि त्याच्याच सोबतीने पुढचा-मागचा जोर वाटून देणारी ईबीडी नावाची व्यवस्थाही आली. हळू ब्रेक लावताना ती मागच्या चाकांकडूनही चांगलं काम करून घेते, म्हणजे गाडीचं नाक दर वेळी खाली बसत नाही. मागचे पॅड मुळातच लहान आणि बहुधा पातळ. त्यामुळे आता काही गाड्यांत पुढच्यांच्या आधी मागचेच संपतात, आणि पुढचे तपासून 'ठीक आहे' म्हणणारा मिस्त्री मागे वाकतही नाही.

आपल्या भागात यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे माती. बीदरच्या पठारावर जांभ्याची लाल, बारीक धूळ आहे, तर भालकीकडे उतरलं की काळी चिकट जमीन लागते. ऊस सुरू झाला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांनी तो चिखल रस्त्यावर येतो आणि तिथून आपल्या चाकांवर. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखलही मागेच जाऊन बसतो. दुसरी गोष्ट ओझं. एरवी दोघंच फिरणारी गाडी पौर्णिमेला गाणगापूरला निघाली की सातजण भरून निघते, आणि मोंढ्यावरून येताना डिकीत तुरीची दोन पोती असतात. मागे वजन वाढलं की मागच्या ब्रेकचं कामही वाढतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त नुकसान करते, ती म्हणजे उभी गाडी. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला, गाडी गावी. पावसाळ्यात दीड-दोन महिने अंगणात उभी, आणि काळजी म्हणून हँडब्रेक कचकचून ओढलेला. ओल धरते, डिस्कवर गंज चढतो, पॅड डिस्कला चिकटतो. दसऱ्याला मुलगा येतो, गाडी काढतो, 'कट्' असा आवाज होतो आणि गाडी सुटते. सगळ्यांना वाटतं, झालं. पण त्या 'कट्'मध्ये कधीकधी पॅडच्या मसाल्याचा, म्हणजे घासणाऱ्या थराचा, तुकडा निघून डिस्कलाच राहिलेला असतो. हँडब्रेकची केबल आत गंजून अर्धवट अडकली असेल तर पॅड डिस्कला घासतच राहतो. म्हणून गाडी बरेच दिवस सपाट जागेवर उभी करायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'त, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

म्हणूनच लेखाला हे नाव दिलं. मागचा पॅड संपला की नवा टाकणं हे अर्धंच काम. तो का संपला हे कळलं नाही तर नवाही त्याच वाटेने जातो आणि दोष मात्र पॅडच्या कंपनीला लागतो.

संपत आल्याची खूण अशी. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्री जीभ असते. मसाला ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकते आणि ब्रेक लावताना बारीक, कर्कश चीं-चीं ऐकू येते. ही सूचना आहे. तिथून पुढे आठवड्याभरात सोय करावी. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की काही दिवसांनी आवाज बदलतो आणि जाड खरखर सुरू होते. आता लोखंडावर लोखंड घासतंय आणि डिस्क कापली जातेय. ज्या पॅडना ती जीभ नसते ते मुकाट्याने संपतात, म्हणून बघण्याला पर्याय नाही. पाठीची लोखंडी पट्टी सोडून नुसता मसाला मोजायचा. नवा साधारण 8 ते 10 मिलिमीटर असतो. 3 मिलिमीटरवर आला की नवे आणा, 2 च्या खाली गाडी चालवू नका. अलॉय चाकातून बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही, आणि फसवतो तो आतलाच. दर 10 हजार किलोमीटरला किंवा टायर अदलाबदल करताना चाक निघतंच, तेव्हा दोन्ही पॅड बघायला सांगा.

आता जुने पॅड वाचायचे कसे? माझ्या मते सगळ्या कामातला हाच भाग खरा, आणि गॅरेजमध्ये हाच गाळला जातो. मिस्त्री 'पॅड खलास हो गए, साब' म्हणतो, जुने पॅड कोपऱ्यातल्या भंगाराच्या टोपलीत जातात आणि पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. तसं होऊ देऊ नका. चारही पॅड मागून घ्या आणि ओट्यावर जसे निघाले तसे मांडा : डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. चारही जवळपास सारखे झिजले असतील तर गाडी निरोगी आहे. नवे टाका, विषय संपला.

एकाच बाजूचे दोन्ही पॅड जास्त गेले असतील तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. हँडब्रेकची केबल किंवा कॅलिपरवरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरचा) तिचा लिव्हर अडकलेला असतो. एका चाकाचा आतला पॅड पत्र्याला आला आहे आणि बाहेरचा निम्मा शाबूत आहे, असं दिसलं तर संशय दोघांवर : पिस्टन मागे सरत नाही, किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या आहेत. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा उतरता झिजला असेल तर पिना किंवा पॅडच्या बैठकीच्या क्लिपा मातीने धरल्या आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त बळी या पिनांचेच जातात. त्यांच्यावर रबराचं छोटं बूट असतं. ते फाटलं की लाल धूळ आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि लेप घट्ट होतो. पिन बोटाने ढकलली तर सहज आत-बाहेर व्हायला हवी. हातोडीने ठोकून काढावी लागली तर पॅड कशाने गेले याचं उत्तर तुमच्या हातात आलं.

चाक न काढता करायची एक तपासणीही आहे. 15-20 किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत गाडी चालवा आणि उतरून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. डिस्कला स्पर्श करायचा नाही, भाजेल. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर तो ब्रेक धरून राहतोय. बीदरहून हुमनाबादपर्यंत गेलात तरी एवढी परीक्षा होऊन जाते.

कारण कळलं, आता पॅड घेऊ. दुकानात मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. आरसीवरचा चॅसिस नंबर सांगा किंवा जुना पॅडच घेऊन जा. त्यावर आकार, कान, क्लिपांच्या जागा आणि पाठीवरची खुंटी पडताळता येते. खुंटीचं महत्त्व पुढे येईल. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर अक्षरांची एक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटी दोन अक्षरं असतात, जसं एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. ही टिकाऊपणाची किंवा दर्जाची पदवी नाही, फक्त पकडीचा पट्टा आहे. जुन्यावर जी अक्षरं आहेत, तीच नव्यावर असावीत.

'थोडे भारीतले, जास्त पकडीचे टाकू का?' असं कोणी विचारलं तर मागच्या चाकांपुरतं ठाम नाही म्हणा. पुढे साधे आणि मागे जास्त पकडीचे पॅड टाकले की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकू पाहतात आणि मागची चाकं घसरली की गाडी आडवी होते. एबीएस ते सावरण्याचा प्रयत्न करतं, पण कारखान्याने बसवलेला तोल आपण का मोडायचा? पकड वाढवायचीच असेल तर चारही चाकांची, एकाच कंपनीची, एकाच जातीची.

जाती ढोबळमानाने तीन. धातूचा कीस नसलेले ऑर्गॅनिक पॅड शांत असतात, डिस्कला जपतात, पण लवकर झिजतात आणि फार तापले तर ढिले पडतात. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त सोसतात, ओझ्याला चांगले, पण आवाज करतात आणि डिस्क थोडी जास्त खातात. सिरॅमिक आवाज आणि काळी पूड कमी करतात, टिकतातही, आणि महाग असतात. रोज भालकी-बीदर करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला मूळ जातीचेच पॅड पुरेत. सिरॅमिकवर खर्च करायचा की नाही हा हौसेचा प्रश्न आहे, गरजेचा नाही.

कंपनीचा अस्सल पार्ट हा सर्वांत बिनधास्त मार्ग. त्याखालोखाल बॉश, राणे, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग अशी नावाजलेली नावं. नकली माल याच नावांच्या खोक्यांत येतो, म्हणून खोक्यापेक्षा आतला पॅड बघा : छपाई स्वच्छ आहे का, कडा तुटल्या आहेत का, मसाला आणि पाठीची पट्टी यांच्यात फट आहे का, क्लिपा सोबत आहेत का. बिल घ्याच. उदगीरला स्वस्त, जहीराबादला त्याहून स्वस्त, असं अजून ऐकू येतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण तिन्हीकडे एका पार्टवर कर एकच आहे. आता फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीचा, नाहीतर मालाचा. छापील किमतीच्या निम्म्याने ब्रेक पॅड मिळत असतील तर ते तिथेच ठेवा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेकमध्ये गाडी ओढायला लागते.

बसवण्याचं काम बहुतेक वाचक गॅरेजातच करतील आणि तेच बरं. पण शेजारी उभं राहून काय बघायचं, ते कळावं म्हणून सांगतो. जमीन पक्की आणि सपाट हवी; काळ्या रानात जॅक रुततो. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे. मागचं काम असल्यामुळे हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये टाकली तर इंजिन तिला धरून ठेवतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र गिअरचा जोर नेमका उचललेल्या चाकांवर जातो, तिथे भरवसा फक्त दगडांचा. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं-हात घालायचे नाहीत, खाली स्टँड हवा.

कॅलिपर निघाला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने वर बांधायचा. हवेच्या पाइपने काळी पूड उडवण्याची पद्धत बंद करायला सांगा. स्वस्त आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात बसतं आणि गॅरेजातल्या पोऱ्याच्या नाकाला तर रुमालही नसतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावं.

आता पिस्टन. नवा पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन आत घालावा लागतो. पुढच्या चाकाला तो सी-क्लॅम्प लावून सरळ दाबला की जातो. पोऱ्याने आयुष्यभर पुढचेच पॅड बदललेले असतात. तो मागेही तोच क्लॅम्प लावतो. ज्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची केबल येते, त्याच्या पिस्टनमागे आट्यांची यंत्रणा असते. तो दाबून जात नाही, फिरवत-फिरवत आत घ्यावा लागतो. क्लॅम्प आवळला जातो, पिस्टन हलत नाही, 'जाम आहे' म्हणून आणखी आवळला जातो, आणि आतल्या आट्या किंवा सील गेलं की पॅडच्या कितीतरी पट किमतीचा कॅलिपर बदलावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा दिसल्या तर तो फिरवायचाच समजा. त्यासाठी वेगळं अवजार मिळतं, ते खाचांत बसतं. बहुतेक घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलट असतो, म्हणून गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघावं. शेवटी खाच अशी थांबवायची की पॅडच्या पाठीवरची खुंटी तिच्यात बसेल. ती चुकली तर पॅड तिरका बसतो आणि पहिल्या दिवसापासून उतरता झिजतो.

जिथे हँडब्रेकच्या जागी 'पी' लिहिलेलं बटण आहे, तिथे मागच्या कॅलिपरवर मोटर असते. आधी स्कॅनर लावून किंवा त्या गाडीला ठरवून दिलेल्या रीतीने ब्रेक मेंटेनन्स मोडमध्ये न्यावा लागतो. मोटर मागे गेल्यावरच पिस्टन दाबायचा. गॅरेजवाल्याकडे स्कॅनर नसेल तर कलबुर्गी किंवा बीदरच्या अधिकृत वर्कशॉपला जा. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या पोटातच हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असतो; त्यात पिस्टन सरळ दाबला जातो. तीन प्रकार, तीन पद्धती. काम देण्याआधी मिस्त्रीला 'माझ्या गाडीत यांतला कोणता?' एवढं विचारा. त्याला लगेच सांगता आलं तर गाडी त्याच्याकडे सोडा.

पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वरच्या डब्यात परत येतं. मधल्या काळात कोणी तो डबा काठोकाठ भरला असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. आधी सिरिंजने थोडं काढून ठेवायचं. पिनांना गाडीच्या खालच्या भागांचं साधं ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं, तेही पातळ हाताने, आणि पॅडच्या मसाल्याला चुकूनही नाही. फाटलेलं बूट बदला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर मारून उपयोग नाही, नवी लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. कोरडं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ओल धरलेल्याची मर्यादा 155 पर्यंत येते. दोन वर्षांनी बदला. डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच टाका, आणि डॉट 5 कधीही मिसळू नका.

काम झालं, नट गाडीच्या पुस्तकातल्या मापाने आवळले. आता किल्ली फिरवण्याआधी ब्रेकचं पेडल हळूहळू, ते घट्ट लागेपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात. ते न करता गाडी रिव्हर्स घेतली तर थांबणार मागच्या भिंतीलाच. नंतर हँडब्रेक ओढून बघा. कितव्या 'कट्'ला धरावा हे गाडीच्या पुस्तकात असतं.

नवा पॅड लगेच पूर्ण पकडत नाही. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, 50 च्या वेगावरून मध्यम दाबाने 10 पर्यंत या, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर ठेवून करा. मग पाच-सात किलोमीटर ब्रेक कमी वापरत चाला म्हणजे डिस्क थंड होईल. तापलेल्या अवस्थेत थांबून हँडब्रेक ओढू नका. पहिले 200-300 किलोमीटर हात राखून चालवा. रात्री महामार्गावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, आणि नव्या पॅडवर थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागतं. 500 किलोमीटर झाले की एकदा चाकाचे नट तपासा, दोन्ही बाजूंची धग ताडून बघा आणि ऑइलची पातळी बघा. पेडल मऊ लागलं किंवा खाली जात राहिलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा.